पाळी आलीच नाही

प्रश्न : वय १९. स्तनांची वाढ व्यवस्थित आहे, पण पाळी कधीच आली नाही. काखेत केसही जवळजवळ नाहीत. मी इंटरसेक्स (जन्मतः लिंगलक्षणं ठरावीक स्त्री-पुरुष चौकटीत न बसणारी) असेन का? कोणत्या तपासण्या करू?

उत्तर : शक्यता आहे, पण लक्षणांवरून ठरवू नका. एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हार्मोन्सच्या तज्ज्ञांना) भेटा, जांघेत गाठ लागत असेल किंवा लहानपणी हर्नियाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आवर्जून सांगा. आधी लघवी रोखून पोटाची सोनोग्राफी, सोबत एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन या हार्मोन्सची रक्ततपासणी. गर्भाशय दिसलं नाही, तर कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी). त्याचं रक्त हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीतच हवं. पेशी वाढवाव्या लागत असल्याने अहवालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात. ४६,एक्सवाय (सहसा पुरुषांत आढळणारी गुणसूत्रं) आणि टेस्टोस्टेरॉन पुरुषांइतकं निघालं, तर अँड्रोजेन असंवेदनशीलतेचा (शरीर पुरुषी हार्मोन्सना प्रतिसाद देत नाही, त्या स्थितीचा) संशय बळावतो. ‘पाळी आणायच्या’ गोळ्या तपासणीसाठी रक्त देण्याआधी घेऊ नका (त्या फार सहज लिहून दिल्या जातात). त्या घेतल्यास हार्मोन्सचे आकडे फसवे येतात. पोटातल्या ग्रंथी (वृषणं) लगेच काढायला सांगितलं, तर दुसरं मत घ्या.