गोळ्यांनी मुलगा आणखी बिघडला, बंद करू का?

"मॅडम, आजार परवडला पण ह्या गोळ्या नकोत. बंद करू का?" भास होतात, संशय येतो म्हणून ज्यांना गोळ्या सुरू झाल्या आहेत, त्यांच्या घरचे हे मला वारंवार विचारतात. त्यातली एक आई भांडुपहून आली होती. सोबत २३ वर्षांचा मुलगा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी रिस्पेरिडोन ह्या भास-संशयावरच्या गोळीचा डोस वाढवला होता. तेव्हापासून मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चाळीच्या गॅलरीत येरझाऱ्या घालायचा. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली. त्या दिवशी दादरला येतानाही तो आधी घाटकोपरला उतरला, मग कुर्ल्याला. गाडीत उभंच राहवेना. मामांचं म्हणणं, आजार वाढलाय, गोळी कमी पडतेय. आत्या म्हणे, ह्या गोळ्यांनीच पोराची वाट लागली. आईने मधे दोन दिवस गोळी दिलीच नाही, मग घाबरून पुन्हा सुरू केली.

ती बोलत होती आणि मी मुलाच्या पायांकडे बघत होते. खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेला. टाच उचलायची, टेकवायची, एक पाय दुसऱ्यावर, परत खाली. दहा मिनिटांत तो चारदा उठला आणि दर वेळी "सॉरी मॅडम" म्हणाला.

मी विचारलं, "आवाज ऐकू येतात म्हणून उठतोस, की पायच बसू देत नाहीत?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आवाज कमी झालेत. पायांत मुंग्यांचं वारूळ आहे. चाललो की जरा बरं वाटतं."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. आवाज कमी झालेत हे तिला माहीतच नव्हतं.

ह्या बेचैनीला अकॅथिसिया म्हणतात. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत, काही आठवड्यांत ती सुरू होऊ शकते. मला ह्यात सगळ्यात जास्त भीती वाटते ती गैरसमजाची. घरच्यांना वाटतं आजारच उसळला, ते डॉक्टरांना तसंच सांगतात, डोस आणखी वाढतो आणि पाय आणखी धावतात. माणूस इतका जेरीस येतो की जीव नकोसा होतो. म्हणून मी त्याला सरळ विचारलं. "आलं होतं मनात, एकदा," तो म्हणाला. मी तिथूनच त्याच्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्याच दिवशी दोघांना तिकडे पाठवलं. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि दमा नाही ना, हे विचारून काही दिवसांसाठी ही बेचैनी कमी करणारं प्रोप्रानोलॉल दिलं. मी समुपदेशक आहे, गोळ्यांना हात लावणं माझं काम नव्हे. पण पाय दाखवणं माझं काम आहे.

तेव्हा, बंद करू का? मनाने नको. अचानक थांबवलं की आजार उलटण्याचा धोका मोठा असतो, आणि तोही कधीकधी दोन-तीन महिन्यांनी उलटतो, त्यामुळे "बंद केल्या तरी छान आहे" असं वाटत राहतं. पण मुकाट्याने सोसायचंही नाही. लाळ गळणं, बद्धकोष्ठता, पाळी थांबणं, हे सांगायला लाज वाटते, तरी सांगायचं. उठताना चक्कर येत असेल तर आधी पलंगावर बसायचं, मग उभं राहायचं. गुंगी आहे तोवर बाइक नको. बिडी-सिगारेट एकदम सोडली तर क्लोझापिन, ओलान्झापिन ह्या अशाच दोन औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून सोडायच्या आधी डॉक्टरांना कळवायचं. क्लोझापिन चालू असताना पांढऱ्या पेशींची तपासणी, सुरुवातीचे १८ आठवडे तर दर आठवड्याला, चुकवायची नाही. ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं.

दोन गोष्टींसाठी मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टीत न्या. मान वाकडी होणं, डोळे वर चढणं, जीभ जड पडणं: इंजेक्शनने हे बहुधा लवकर सुटतं. आणि ताप चढून अंग लाकडासारखं ताठ होणं, माणसाने भ्रमिष्टासारखं बोलणं: ह्यात जीवाला धोका असतो. रात्रीअपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस ह्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

त्या आईला मी एकच काम दिलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात दोन शब्द लिहायचे. महिन्याभराने तिने ते पान घडी घालून पर्समधून काढलं. पहिल्या आठवड्यात रोज "पाय". मग दिवसाआड. मग "झोपला", "झोपला", "कॅरम खेळला". मुलगा खुर्चीला पाठ टेकून बसला होता.

शेवटच्या चौकोनात तिने लाल पेनाने लिहिलं होतं, "वजन ४ किलो वाढलं."

"मॅडम, आता ह्याचं काय?" तिने विचारलं. मी पान जवळ ओढलं. गोळ्या सुरू करण्याआधीची साखर, कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर फाइलमध्ये आहे का, ते आम्ही शोधू लागलो.