आधी पॉलिसी परत करा, प्रोसेसर जूनमध्ये घ्या

गोव्यातल्या डिचोलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 31, कुंडई औद्योगिक वसाहतीत नोकरी, हातात पगार 28 हजार. घरी पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. संध्याकाळी ते लग्नांच्या आणि जत्रांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतात. कॉम्प्युटर जुना आहे: आय3-7100 प्रोसेसर, 8 जीबी रॅम आणि हार्ड डिस्क. त्यांचा प्रश्न असा: एप्रिल-मेच्या लग्नांआधी 40 हजारांत अपग्रेड करायचं आहे, तर एएमडीचा रायझन 5 5600जी प्रोसेसर आणि बी550 बोर्ड घेऊ, की इंटेलचा आय5-12400 आणि एच610 बोर्ड? म्हापशाचा दुकानदार म्हणतो की दोन्ही सोडा, पुढचा विचार करून एएम5 (एएमडीच्या नव्या प्रोसेसरांचं सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा) घ्या.

उत्तर देतो, पण पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिलेलं एक वाक्य मला आधी हाताळायला हवं. ‘कॉम्प्युटरसाठी कर्ज मिळेल का विचारायला बँकेत गेलो, तेव्हा तिथल्या साहेबांनी सांगितलं म्हणून एक पॉलिसी घेतली. पहिला हप्ता 48 हजार क्रेडिट कार्डावर भरला, त्यामुळे आता मशीन नो-कॉस्ट ईएमआयवर घेणार.’

पत्र वाचलं आणि लगेच फोन केला, कारण यात दिवस मोजावे लागतात. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती विनाकारणही परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. कागद ई-मेलने आला असेल तर तो आल्याचा दिवस धरतात. यांच्याकडे 21 जानेवारीला आला, म्हणजे 20 फेब्रुवारीपर्यंत मुदत. त्यांना या तरतुदीची कल्पनाच नव्हती. विकणाऱ्याने सांगितली नव्हती.

आता ती पॉलिसी काय आहे ते बघा. वर्षाला 48 हजार, दहा वर्षं भरायचे, म्हणजे 4 लाख 80 हजार. विसाव्या वर्षी 9 लाख 60 हजार मिळणार. ‘गॅरंटीड डबल’ असं माहितीपत्रकावर पेनने गोल करून दिलंय. पैसे टप्प्याटप्प्याने जातात, म्हणून सरासरीने ते 15 वर्षं अडकतात असं धरा. पैसे दुप्पट व्हायला वर्षाला किती टक्के लागतात ते काढायची सोपी रीत म्हणजे 72 ला वर्षांनी भागायचं. 72 ला 15 ने भागा: 4.8. एवढाच टक्का. साधी मुदत ठेवसुद्धा यापेक्षा जास्त देते, आणि अडलं तर मोडताही येते. विमा म्हणावा तर संरक्षण 4 लाख 80 हजारांचं, म्हणजे तुमचा सतरा महिन्यांचा पगार. तीन वर्षांची मुलगी असलेल्या माणसाला हे विमा म्हणून विकणं मला सहन होत नाही. 50 लाखांचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा) तुमच्या वयाला वर्षाला सात-आठ हजारांच्या आसपास मिळतो, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही.

‘पॉलिसी घेतली की कर्ज लगेच पास होईल’ असं तुम्हाला सांगितलं गेलं. कर्जासाठी विम्याची सक्ती करता येत नाही. कर्ज तर अजून झालेलंही नाही.

दुसरी बाजू कार्डाची. आधीचे 9 हजार आणि हे 48, मिळून 57 हजार बाकी. तुम्ही ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम भरता, साधारण 2,850. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज 2 हजार, त्या व्याजावर जीएसटी 360. म्हणजे तुमच्या 2,850 पैकी मूळ रकमेत जेमतेम 500 रुपये जातात. वर्षाचं व्याज धरा 27-28 हजार. पत्रात विचारलेला प्रोसेसर, बोर्ड आणि वर रॅम एवढ्यात येतो. पावणेपाच टक्के मिळवण्यासाठी तुम्ही बेचाळीस टक्के मोजताय, आणि हप्त्याची तारीख चुकली नाही म्हणून सगळं सुरळीत वाटतंय.

शिवाय बाकी शिल्लक असताना कार्डावर घेतलेल्या प्रत्येक नव्या वस्तूला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. किराणा, पेट्रोल, सगळ्याला. नो-कॉस्ट ईएमआयचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. ते व्याज कुठल्या तरी सवलतीच्या आड लपलेलं असतं. वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच खिशातून जातो.

तर फोनवर ठरलं तसं त्यांनी 11 फेब्रुवारीला बँकेच्या शाखेत लेखी अर्ज दिला. तिथे ‘वर्षभर थांबा, मग बघू’ असं ऐकवलं गेलं. त्यांनी अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का मागितला आणि मिळेपर्यंत काउंटर सोडला नाही. तोच अर्ज विमा कंपनीला ई-मेलही केला. मुद्रांक शुल्क आणि मधल्या दिवसांच्या विम्याची थोडी रक्कम कापून बाकी पैसे परत येतात. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार, आणि तरीही हललं नाही तर विमा लोकपाल.

साधारण 47 हजार परत येतील. ते खात्यात एक दिवसही न ठेवता कार्डात भरा. उरतील दहा हजार. गेल्या सीझनच्या कामांचे 14 हजार येणे बाकी आहेत असं तुम्ही लिहिलंय. ते आता मागा. संकोच करू नका, लग्नाचा अल्बम आणि पेनड्राइव्ह गिऱ्हाइकांच्या घरी पोचून दहा महिने झाले. त्यातले दहा कार्डात, म्हणजे कार्ड कोरं. चार हजारांत एक साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आत्ताच घ्या. जुन्या डिस्कवर मशीन सुरू व्हायलाच तुमचा वेळ जातोय, आणि ही एसएसडी नव्या बोर्डावरही चालेल.

आणि हा सीझन याच मशीनवर काढा. प्रॉक्सी वापरा: मूळ क्लिपांच्या हलक्या प्रती करून त्यावर कापाकापी करायची, शेवटी एक्सपोर्ट मूळ क्लिपांवरून, रात्री लावून झोपायचं. याला पैसे लागत नाहीत.

‘नवीन मशीन आलं की महिन्याला सहा लग्नं, प्रत्येकी 8 हजार’ हा हिशेब मात्र पुसून टाका. गेल्या सीझनला मिळून नऊ कामं झाली, सात हजारांनी. एका लग्नाला चार संध्याकाळी लागतात असं तुम्हीच लिहिता. सहा लग्नं म्हणजे चोवीस संध्याकाळी, ड्युटी सांभाळून. नव्या प्रोसेसरने त्या चारातली एखादी वाचेल. कुठला शॉट ठेवायचा, हे तुम्हालाच ठरवायचं आहे, आणि त्याला तेवढाच वेळ लागणार.

आता तुमचा प्रश्न. आय5-12400 घ्या. कारण तुमचं काम. तुमचा कॅमेरा 10-बिट 4:2:2 एचईव्हीसी (रंगांची जास्त माहिती ठेवणारा, घट्ट दाबलेला व्हिडिओ) रेकॉर्ड करतो, आणि ते फुटेज उलगडण्याची सोय इंटेलच्या 11 व्या पिढीपासून ग्राफिक्समध्येच आहे. 5600जी मध्ये ती नाही. दुकानदार 12400एफ हजारभर स्वस्त देईल, ते घेऊ नका. एफ म्हणजे ग्राफिक्स नाही, म्हणजे हीच सोय गेली.

बोर्ड एच610 पुरे. तुमच्या फोटोतल्या रॅमवर डीडीआर4 लिहिलंय, म्हणून बोर्डही डीडीआर4 चाच हवा. एच610 डीडीआर4 आणि डीडीआर5 या दोन्ही प्रकारांत येतो, खोक्यावर बघून घ्या. बी550 चे जादा पैसे पुढच्या अपग्रेडच्या आशेवर द्यायचे असतील तर देऊ नका, 5600जी चं एएम4 आणि 12400 चं 1700 या दोन्ही सॉकेटचा रस्ता संपत आला आहे. एएम5 चा पुढचा रस्ता खरोखर लांब आहे, पण त्याला डीडीआर5 लागते, तुमची 8 जीबी वाया जाईल, आणि 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव इतके चढलेत की तुमच्या बजेटमध्ये ते बसतच नाही. जुना बोर्ड ठेवून फक्त प्रोसेसर बदलायचा विचार मनात असेल तर तोही सोडा: आठव्या पिढीचा प्रोसेसर तुमच्या सध्याच्या एच110 बोर्डावर चालत नाही, सॉकेटचं नाव एकच असलं तरी. आणि तुमच्या सातव्या पिढीच्या आय3 वर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, तर विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. म्हणून बदलायचं ते प्रोसेसर आणि बोर्ड मिळूनच.

प्रोसेसर 13, बोर्ड साडेसहा, आणखी 8 जीबी रॅम पाच-सहा: धरा 25 हजार. वर अडीच हजारांचा चांगला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्यावर नवा बोर्ड जोडू नका. डिचोलीत जूनच्या पहिल्या गडगडाटात वीज किती वेळा जाते-येते ते तुम्ही जाणताच. अर्थिंग तपासून घ्या, आणि ढग गडगडले की प्लग काढा.

पैसे कसे जमतील? पॉलिसीच्या पुढच्या हप्त्यासाठी महिन्याला 4 हजार बाजूला टाकणार होतात, आणि 2,850 कार्डात जात होते. मिळून 7 हजार धरा. मार्च, एप्रिल, मे: 21 हजार. यातून आधी टर्म विम्याचे आठ हजार काढा, मशीनसाठी थांबू नका. उरलेल्यात सीझनच्या दोन लग्नांचे पैसे घातले की रोख 27 हजार होतात, कमी पडले तर पाचशेच.

जूनमध्ये म्हापशाला जाल तेव्हा जुनी रॅम खिशात घेऊन जा आणि दुकानातच नव्या बोर्डावर लावून मशीन सुरू करून बघा. बिलावर प्रोसेसर आणि बोर्डाचे सिरियल नंबर लिहून घ्या, तीन वर्षांची वॉरंटी त्यावरच मिळते. आणि पॉलिसीचे पैसे जमा झाले की मला तेवढं कळवा.