वोन्टमध्ये ओ आला कुठून?

प्रश्न असा आलाय की विल नॉटचं विलन्ट न होता वोन्ट का होतं, आणि ते वॉन्टसारखंच म्हणायचं का. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत. अजिबात नाही! डोन्टमध्ये जो ओ आहे तोच वोन्टमध्ये. परवा दादरला प्लॅटफॉर्मवर एकजण फोनवर 'आय वॉन्ट कम टुमॉरो' सांगत होता, त्याला म्हणायचं होतं येणार नाही, पलीकडच्याला वाटलं यायचंय, तो किती वाजता म्हणून विचारतोय, शेवटी 'अरे नहीं आ रहा हूं' म्हटल्यावर सुटका झाली. मराठीत ऑ आणि ओ वेगळे लिहितो ना आपण, मग बोलताना काय होतं?

आता तो ओ. क्लासवाले 'अपवाद आहे, पाठ करा' सांगून मोकळे होतात, आणि काहीजण छातीठोकपणे सांगतात की वोन्ट हा वुड नॉटचा अपभ्रंश. साफ चूक, वुड नॉटचं वुडन्ट आहेच की! खरी मजा म्हणजे मध्ययुगीन इंग्रजीत विलचं वोल असंही रूप होतं, 14व्या शतकातला इंग्रजी कवी चॉसर सर्रास वोल लिहितो. त्या वोल नॉटचं वोनॉट झालं आणि 17व्या शतकात वोन्ट. पुढे प्रमाण भाषेत विल टिकलं, वोल गेलं, पण नकारातला ओ काही हलला नाही. वॉन्टचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही, तो जुन्या नॉर्समधल्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतल्या, वान्टावरून आलाय, म्हणजे कमी असणे, उणीव असणे.

माझं तर ठाम मत आहे की नकार दिवसभर तोंडात असतो म्हणून तो लवकर आवळला जातो आणि आतलं रूप तसंच धरून बसतो. आपलं 'नव्हता' बघा. न अधिक होता, मग नहोता का नाही? शेजारचे गुजराती सरळ 'नहोतो' म्हणतात, दोन्ही तुकडे स्वच्छ ऐकू येतात. आपण मात्र व्हावं, व्हायचं मधला व्ह नकारात घट्ट धरलाय, आणि 'नव्हे'मध्येही तोच. वोन्टला नुसता अपवाद म्हणणाऱ्यांनी आधी हा व्ह समजावून सांगावा, तोही पाठ करायला न लावता.