घरातल्या लेट्यूससाठी दिवा घेताना

दिवा घेण्याआधी ट्रे किती जागेत ठेवणार ते मोजा. दोन फूट बाय दोन फुटांच्या मांडणीला पालेभाज्यांसाठी खरे ४० ते ६० वॅट खेचणारा चांगला पांढरा एलईडी पुरतो. खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलेलं असतं, त्यावर अजिबात जाऊ नका. विजेचा प्रत्यक्ष वापर किती ते विचारा. लुमेनचा आकडाही आपल्या डोळ्यांसाठी असतो. झाडासाठी पीपीएफडी बघायचा, म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला झाडाच्या कामाचा किती प्रकाश पडतो तो आकडा (मायक्रोमोलमध्ये). लेट्यूसला २०० च्या आसपास मिळाला आणि दिवा १६ तास चालला, तर दिवसभरात मिळालेल्या प्रकाशाचा हिशेब चौरस मीटरमागे साडेअकरा मोलपर्यंत जातो. तेवढ्यावर ते छान भरतं. कोथिंबिरीला मात्र एवढा लांब दिवस देऊ नका, लवकर फुलावर येते.

लाल-निळ्या एलईडींच्या दिव्यांचा जांभळा प्रकाश मला पटत नाही. त्यात पानावरचा पिवळेपणा किंवा मावा दिसतच नाही.

दिवा फुटभर उंचीवर टांगा आणि रोपांकडे बघत राहा. दांडे बारीक होऊन लवायला लागले तर खाली घ्या. वरची पानं फिकी पडून कडा वळल्या तर वर. टायमर पहिल्या दिवसापासून लावा. ५० वॅट १६ तास म्हणजे महिन्याला २४ युनिट.