ओकायामाची कोराकुएन बाग आणि आईंचे गुडघे

प्रश्न : पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान आम्ही अनेकदा पाहिले आहे. ते ज्या बागेच्या धर्तीवर केले, ती जपानमधील मूळ बाग एप्रिलमध्ये पाहण्याचा विचार आहे. पुण्याचे उद्यान पाहिलेल्याने एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे का? सोबत आई असेल. तिचे गुडघे दुखतात आणि आम्ही शाकाहारी आहोत, म्हणून तेथील चहागृहात जावे की नाही, हेही सांगावे. — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अवश्य जावे. पुण्याचे उद्यान दहा एकरांचे आहे, तर जपानमधील ओकायामा शहराची मूळ कोराकुएन बाग सुमारे तेहतीस एकरांची आहे. पण खरा फरक आकाराचा नाही. सरदार इकेदा त्सुनामासा याच्या आज्ञेने 1687 साली काम सुरू होऊन 1700 साली पूर्ण झालेली ही बाग फिरता फिरता पाहण्यासाठी रचलेली आहे, त्यामुळे वाट वळली की तळे, टेकडी आणि नदीपलीकडचा काळा किल्ला यांची मांडणी बदलत जाते. तो किल्ला बागेच्या हद्दीत नाही, तरी देखाव्यात हिशेबाने धरलेला आहे, आणि हे पुण्यात आणता येण्यासारखे नव्हते. किल्ल्याची आजची इमारत मात्र 1966 सालची आहे, तेव्हा किल्ल्याच्या आत वेळ घालवण्यापेक्षा बागेतच अर्धा दिवस राखून ठेवावा, असे आमचे मत आहे.

ऊस-हळदीच्या मुलखातून जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट आवडेल, ती म्हणजे सरदाराच्या या विलासी बागेत भाताची खाचरे आहेत आणि चहाचा मळाही आहे. बाग ‘असाही’ नावाच्या नदीच्या कुशीत वसलेली असल्याने 1934 च्या पुरात तिची मोठी हानी झाली आणि 1945 च्या बाँबहल्ल्यात बहुतेक वास्तू जळाल्या. पुढे एदो काळातील (सतरावे ते एकोणिसावे शतक) चित्रे समोर ठेवून तिची पुन्हा उभारणी झाली. कृष्णेचा पूर घरात शिरलेला पाहिलेल्या सांगलीकराला या खटाटोपाचे मोल वेगळे सांगायला नको. हल्ल्यातून वाचलेल्या मोजक्या वास्तूंपैकी र्यूतेन ही विसाव्याची जागा चुकवू नये. तिच्या तळमजल्याला भिंती नाहीत, मधून पाण्याचा पाट वाहतो आणि पाटात सहा निवडक दगड बसवलेले आहेत.

आता चहाविषयी. रीतसर चहाविधीत पाय दुमडून, वज्रासनासारखे बसावे लागते आणि जुन्या पद्धतीच्या चहागृहात वाकून शिरण्याजोगे लहानसे दार असते, म्हणून आईंसाठी तो आग्रह नको. बागेतील दुकानांत बाकावर बसून माच्चा (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा) घेता येतो. आधी गोड पदार्थ खावा, मग वाडगा तळहातावर घेऊन किंचित फिरवावा आणि त्याच्या दर्शनी बाजूने न पिता दुसऱ्या बाजूने प्यावा. चहात दूध-साखर नसते, त्यामुळे पहिला घोट कडूच लागेल. सोबतच्या मिठाईत बहुधा तांबड्या चवळीसारख्या अझुकी कडधान्याचे पुरणासारखे सारण असते, त्यामुळे ती शाकाहारींना सहसा चालते. जेवणातल्या सूपविषयी मात्र विचारून घ्यावे, कारण त्यात बहुधा माशाचा अर्क असतो.

बागेतील वाटा बहुतांशी सपाट आहेत. युइशिनझान ही छोटी टेकडी आईंनी खालूनच पाहावी. शिन-ओसाका स्थानकाहून शिनकान्सेन या अतिवेगवान रेल्वेने पाऊण तासाच्या आसपास ओकायामा येते, तेथून ट्रामने शिरोशिता थांब्यावर उतरून दहा मिनिटे चालावे लागते. चेरीचा बहर एप्रिलच्या आरंभीच असतो आणि गर्दीही तेव्हाच असते. फेब्रुवारीत परंपरेने जाळलेली हिरवळ भरून आलेली पाहायची असेल, तर एप्रिलचा उत्तरार्ध निवडावा, पण 29 तारखेपासून जपानमध्ये सुट्ट्यांची रांग लागते, त्याआधी परतावे.