गेम बंद पडतो, वर बॅनही बसतो: पैसे परत मिळतील का?

प्रश्न: मी २० वर्षांचा, पुण्यात शिकतो. ३,४९९ रुपयांना एक ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम घेतला, वर १,२०० रुपयांचा सीझन पास. मॅचमध्येच गेम क्रॅश होतो, नाहीतर सर्व्हर डिस्कनेक्ट होतो. दर वेळी 'मॅच सोडली' म्हणून दंड बसतो आणि आता १४ दिवसांचा बॅन आलाय. गेम कंपनी म्हणते तुमचं नेट खराब आहे, नेटवाले म्हणतात लाइन ओके आहे. केस कोणावर करू?

उत्तर: ते आज ठरवूच नका. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्या एकत्र कालवल्या तर समोरचे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून सुटतील. गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो, ती एक. गेम चालू राहतो पण सर्व्हर तुटतो, ती दुसरी. पहिलीत नेटवाल्यांचा सहसा संबंध नसतो.

क्रॅशसाठी आधी गेमच्या पानावरची किमान आवश्यकता तुमच्या कॉम्प्युटरशी ताडून पाहा. तिथे १६ जीबी रॅम लिहिली असेल आणि तुमची ८ असेल, तर खरं सांगतो, दावा टिकणार नाही. ती पुरेशी असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा, गेमच्या फाइल्स तपासून घ्या. तरीही क्रॅश झाला की विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली (बिघाडांची नोंदवही) नोंद तारीख-वेळेसह जपा.

डिस्कनेक्टसाठी वायफाय सोडा, लॅन केबल लावा. एका खिडकीत राउटरला आणि दुसरीत गेमच्या सर्व्हरला पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) चालू ठेवा. राउटरपर्यंतच पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळत असतील तर दोष घरातला. तिथवर सगळं ठीक आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेम नीट चालतो, तर संशय नेटवाल्यांवर. दोन्हीकडे सारखाच तुटतो, तर गेम कंपनीवर. ट्रेसरूट (तुमच्यापासून सर्व्हरपर्यंतच्या मार्गातल्या टप्प्यांची यादी) काढलात तर एक ध्यानात ठेवा: मधल्या टप्प्यावर गळती दिसली पण शेवटच्या टप्प्यावर नसेल, तर तो पुरावा नव्हे. बरेच राउटर अशा चाचणीला उत्तरच देत नाहीत, आणि कंपनीचा वकील नेमकं तिथेच पकडेल.

बॅन चुकवायला दुसरं अकाउंट किंवा व्हीपीएन अजिबात वापरू नका. आज कंपनीकडे तुमच्याविरुद्ध ठोस काही नाही, ते तुम्हीच हातात द्याल.

आता कायदा. पैसे मोजून सेवा घेतलीत, म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुम्ही ग्राहक आहात. फुकट मिळणाऱ्या सेवेला हा कायदा लागत नाही, म्हणून दोन्ही खरेदींच्या पावत्या शोधा. कंपनी परदेशी असली तरी भारतातल्या ग्राहकांना नियमित विकत असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम तिला लागू होतात: तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निवारण करायचं. अटींमध्ये 'वाद लवादाकडेच' (न्यायालयाऐवजी खासगी निवाड्याकडे) असं लिहिलेलं असेल, तरी घाबरू नका. लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचं, म्हणजे ग्राहक न्यायालयाचं, दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातच तक्रार करता येते. अटच अन्याय्य ठरवून घ्यायची तर राज्य आयोगाकडे जावं लागेल. एवढ्या रकमेसाठी तो खटाटोप करू नये, 'सेवेतील त्रुटी' हाच मुद्दा धरा.

दोष नेटवाल्यांचा निघाला तर तक्रारीचा डॉकेट (नोंदणी) नंबर घ्या आणि त्यांच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. दूरसंचार सेवेसाठीही ग्राहक आयोगात जाता येतं, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं आहे.

दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मग १५ दिवसांची नोटीस, मग ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही. स्क्रीनशॉट आणि लॉगसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडा. गेमची आणि पासची किंमत, बॅन रद्द, तक्रारीचा खर्च, एवढंच मागा. मानसिक त्रासाचे लाखो रुपये लिहिलेत तर खऱ्या मागणीचं वजन कमी होतं.

कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे. पण गेम जिथून घेतला त्या स्टोअरची परताव्याची मुदत सहसा फार कमी असते, तो अर्ज आजच करा.