पोरगा अकरावीत, क्रेडिट्स कॉलेजचे

प्रश्न : ताई, आम्ही बॉथेलला राहतो, वॉशिंग्टन स्टेटमध्ये. मुलगा पुढच्या वर्षी अकरावीत जाईल. त्याच्या ग्रुपमधली निम्मी पोरं 'रनिंग स्टार्ट' करतायत, म्हणजे शाळेऐवजी कम्युनिटी कॉलेजात (इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) जाऊन बसायचं आणि क्रेडिट्स, म्हणजे विषय पुरा केल्याचं माप, शाळा नि कॉलेज दोन्हीकडे मिळवायचे. ह्यांचं म्हणणं, फुल टाइमच टाकूया, बारावी होता होता असोसिएट डिग्री (दोन वर्षांची) हातात, युनिव्हर्सिटीची दोन वर्षांची फी वाचली. त्याला इंजिनिअरिंग करायचंय. सासूबाईंना साताऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "अगं अकरावी म्हणजे कॉलेजच की, त्यात काय एवढं?" मला मात्र धाकधूक वाटतेय.
– एक आई

उत्तर : सासूबाई चुकीच्या नाहीत हो, आपल्याकडे दहावी झाली की पोरं कॉलेजकुमार होतातच. पण तिकडे अकरावीत गटांगळ्या खाल्ल्या तरी पुढे कोणी विचारत नाही, आणि इथे विचारतात, सगळी गोम तिथेच आहे.

योजना चांगली आहे, १९९०च्या कायद्यापासून चालू आहे, अकरावी-बारावीच्या मुलांना ट्यूशन फी नाही, पुस्तकं, किरकोळ फी आणि जाण्यायेण्याचा खर्च तेवढा आपला. कॉलेजचे ५ क्रेडिट म्हणजे शाळेचा १ क्रेडिट, म्हणजे शाळेत जो विषय सप्टेंबर ते जून रमतगमत चालतो तो इथे एका क्वार्टरमध्ये, साधारण अकरा आठवड्यांत उरकायचा. ऐकायला मस्त वाटतं. आमच्या थोरल्याने अकरावीच्या पहिल्याच क्वार्टरला इंग्लिश आणि कॅल्क्युलस दोन्ही घेतलं, शाळेचं पोहणंही चालूच, आणि पाचव्या आठवड्यात मिडटर्म आपटली. आम्हाला पत्ताच नाही. विचारलं की "चाललंय ठीक". शेवटी मी कॉलेजात फोन केला तर काउंटरवरची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, त्याच्या सहीशिवाय काही सांगता येणार नाही. मी म्हटलं अहो सोळा वर्षांचा आहे तो! पण 'फर्पा' नावाचा फेडरल कायदाच तसा आहे, कॉलेजात नाव घातलं की तिथल्या रेकॉर्डवरचा हक्क मुलाचा, वय काहीही असो. तोवर कोर्स सोडायची तारीख निघून गेली होती आणि कॅल्क्युलसमध्ये जो 'सी' ग्रेड आला तो आजही ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, बसलाय. उद्या तुमच्या मुलाचा विचार बदलून तो मेडिकलकडे वळला तर तिथल्या अर्जात शाळेत असताना केलेले कॉलेजचे कोर्ससुद्धा दाखवावे लागतात आणि ते ग्रेड जीपीएत, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या सरासरीत, धरतात. पोहणं मात्र आमच्या थोरल्याने सोडलं नाही, तो वेगळा विषय.

आता तुमच्या ह्यांचा हिशोब. ९० क्रेडिट म्हणजे दोन वर्षं, कागदावर बरोबर. पण इंजिनिअरिंगला नुसते क्रेडिट मोजून भागत नाही, कॅल्क्युलस एक, दोन, तीन, फिजिक्स, ही साखळी एकामागून एकच करावी लागते, आणि पोराने वेळापत्रकात बसतं म्हणून सायकॉलॉजी नि फिल्मचे कोर्स भरून डिग्री पुरी केली तर क्रेडिट दिसतात भरपूर आणि युनिव्हर्सिटीत गेल्यावर कळतं की अजून साडेतीन वर्षं आहेतच. फुल टाइमच करायचं असेल तर साधी आर्ट्सची डिग्री नको, सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांसाठी वेगळा ट्रान्सफर ट्रॅक असतो, तो कॉलेजच्या अॅडव्हायजरकडून आधी लिहून घ्या. आणि राज्याबाहेर जायचं डोक्यात असेल तर अजून जपून, बऱ्याच प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या म्हणतात की जो कोर्स हायस्कूल डिप्लोमासाठी (बारावी पासच्या दाखल्यासाठी) वापरला त्याचे क्रेडिट आम्ही धरणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर पहिल्या क्वार्टरला एकच विषय, इंग्लिश १०१, बाकी शाळेत. त्या कोर्सच्या कोडमध्ये मध्येच 'अँड'चं चिन्ह (&) असतं बघा, ते छपाईची चूक नाही, त्याचा अर्थ राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत तो कोर्स एकच समजतात. तो नीट झाला की मग गणित. शिवाय त्याच्या शाळेत 'कॉलेज इन द हायस्कूल' आहे का तेही विचारा, त्यात कॉलेजचाच कोर्स शाळेतला मास्तर शाळेतच शिकवतो, बस पकडायची भानगड नाही, आणि २०२३च्या कायद्याने पब्लिक शाळांमध्ये त्याची फीसुद्धा गेली. ॲडमिशनची काळजी नको, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन रनिंग स्टार्टवाल्यांना फ्रेशमनच, म्हणजे पहिल्या वर्षाला येणारे नवे विद्यार्थीच, धरते, कितीही क्रेडिट असोत. आणि कॉलेजात गेल्या दिवशीच त्याची माहिती तुम्हाला द्यायच्या परवानगीवर त्याची सही घेऊन टाका, मिडटर्मनंतर मागितलीत तर देणार नाही तो.

प्रश्न : मुलगी रविवारच्या मराठी शाळेत जाते. त्याचे क्रेडिट मिळतात असं कोणीतरी म्हणालं, खरं का? – रेडमंडहून एक बाबा

उत्तर : खरं आहे, पण हे शाळेचे क्रेडिट, कॉलेजचे नाहीत, गल्लत करू नका. वॉशिंग्टनमध्ये परक्या भाषेची परीक्षा देऊन हायस्कूलचे ४ पर्यंत क्रेडिट मिळतात आणि त्या परीक्षांत मराठी आहे. घरी फडाफडा बोलते म्हणून खूश होऊ नका, देवनागरीत लिहावंही लागतं. आमच्या धाकटीला बोलण्यात काहीच अडलं नाही, लिहायला बसली आणि 'ळ' कसा काढायचा तेच आठवेना. बॅकपॅकवर आजीने पाठवलेली बाराखडीची वही लटकवून ती पुन्हा गेली, तेव्हा कुठे जमलं.